टनेल अप, तरी पॅकेटं गहाळ

साइट-टू-साइट व्हीपीएनची, म्हणजे दोन कार्यालयांची नेटवर्कं इंटरनेटवरून जोडणाऱ्या एन्क्रिप्टेड टनेलची, तक्रार कधीच ‘पॅकेट लॉस आहे’, म्हणजे डेटाचे तुकडे वाटेत गहाळ होताहेत, अशा शब्दांत येत नाही. आमच्याकडे ती तीन वेगवेगळ्या तोंडांनी आली. शाखेतले लोक म्हणत, मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवरून मोठी फाइल उतरवायला घेतली की सुरुवात जोरात होते आणि मग ती रांगायला लागते. मुख्य कार्यालयातले म्हणत, शाखेशी फोनवर बोलताना पलीकडचा आवाज तुटतो. शाखेतल्या माणसाला मात्र आमचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. आणि हिशेबाच्या वेब अॅप्लिकेशनमध्ये शाखेतून लॉगिन व्हायचं, पान अर्धं उघडायचं आणि पुढे काहीच नाही. इकडे गेटवेच्या, म्हणजे टनेलच्या टोकाला बसलेल्या यंत्राच्या, डॅशबोर्डवर टनेलच्या नावापुढे हिरवा ठिपका ठाम.

हिरव्या ठिपक्याचा अर्थ एवढाच, की दोन गेटवेंची आपसांत चावी ठरली आहे आणि ते अधूनमधून एकमेकांना ‘आहेस का?’ विचारून ‘आहे’ असं उत्तर मिळवताहेत. त्या टनेलमधून माल किती पोचतो, हे तो ठिपका सांगत नाही.

शाखेत सगळ्यांना माहीत असलेला एक उपाय होता: इंटरनेटवाल्यांनी दिलेला मोडेम बंद करून पुन्हा चालू करणे. त्यानं कधीकधी खरंच बरं वाटायचं, कधी ढिम्म फरक पडायचा नाही. असल्या उपायांना आमच्या धंद्यात हसण्याची पद्धत आहे. मी ती नोंद जपून ठेवली, कारण जो उपाय कधी लागू पडतो आणि कधी नाही, त्यात बहुतेक वेळा काहीतरी माहिती दडलेली असते.

आधी मांडणी सांगते. मुख्य कार्यालयात फायबर लाइन, स्थिर पब्लिक आयपी, लिनक्सवर चालणारा गेटवे, आणि बाहेर जाणारी लाइन 20 एमबीपीएसला शेप केलेली, म्हणजे तेवढ्यावर मर्यादा घातलेली. शाखेत इंटरनेट कंपनीचा मोडेम पीपीपीओई (लॉगिन करून लाइन जोडण्याची पद्धत) करतो आणि एनएटीही (आतले पत्ते एका पब्लिक पत्त्यामागे झाकणे) करतो. आमचा गेटवे त्याच्या मागे. मध्ये आयकेईव्ही2 (चाव्या ठरवणारा प्रोटोकॉल) वापरून उभारलेला आयपीसेक टनेल. एन्क्रिप्शनला एईएस-सीबीसी, पडताळणीला एसएचए-256. शाखेच्या बाजूला एनएटी असल्यामुळे ईएसपीची, म्हणजे आयपीसेकची एन्क्रिप्ट केलेली, पॅकेटं उघडी न जाता यूडीपी पोर्ट 4500 च्या वेष्टनात जातात. जाऊन-येऊन वेळ साधारण 40 मिलिसेकंद. हे तपशील नीरस वाटतील, पण पुढे यातला प्रत्येक कुठेतरी नडला किंवा उपयोगी पडला.

पहिला हात अर्थातच पिंगवर, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते पाहण्यावर, गेला. शाखेतून मुख्य कार्यालयाच्या पब्लिक आयपीवर, म्हणजे टनेलच्या बाहेरून, पिंग नेहमी स्वच्छ. टनेलच्या आतून बहुधा स्वच्छ, मधूनच एखाददुसरा गायब. इथेच बरेच जण ‘लाइन ठीक आहे’ म्हणून फाइल बंद करतात. पण 1 टक्का गळती असली तरी 10 पिंग सगळेच्या सगळे परत येण्याची शक्यता 90 टक्के असते. 100 पाठवले तरी एकही न गळण्याची शक्यता जवळपास 37 टक्के उरते. आणि 1 टक्का म्हणजे काहीच नाही, असं मानायचंही कारण नाही. टीसीपीच्या, म्हणजे हरवलेलं पुन्हा पाठवणाऱ्या प्रोटोकॉलच्या, वेगाचं 1997 मध्ये मॅथिस आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं एक ढोबळ समीकरण आहे: वेग हा सेगमेंटच्या (एका पॅकेटातल्या डेटाच्या) आकाराच्या सम प्रमाणात, जाऊन-येऊन वेळेच्या आणि गळतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. 1360 बाइटचा सेगमेंट, 40 मिलिसेकंद आणि 1 टक्का गळती घातली की उत्तर येतं सुमारे 3.3 एमबीपीएस. लाइन 20 ची असो नाहीतर 200 ची, एका कनेक्शनला साधारण तेवढंच. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे टीसीपी त्याहून थोडं बरं काम करतात, पण चित्र फारसं बदलत नाही.

एमटीआर हे वाटेतल्या प्रत्येक राउटरची गळती दाखवणारं साधनही चालवून पाहिलं. मधल्या एका हॉपवर, म्हणजे राउटरवर, तिसऱ्या भागाइतकी पॅकेटं गळताना दिसली आणि शाखेतल्या सहकाऱ्याने लगेच स्क्रीनशॉट पाठवला, “हे बघा ताई, सापडलं!” सापडलं नव्हतं. मधले राउटर आपल्याकडे आलेल्या अशा चौकशीला उत्तर देण्याचं काम सवडीनं करतात आणि त्यावर मर्यादा घालून ठेवतात. पुढे जाणारं ट्रॅफिक वेगळ्याच वाटेनं, हार्डवेअरमधून निघून जातं. मधल्या हॉपवर गळती दिसली आणि त्यापुढच्या हॉपवर ती नाहीशी झाली, तर ती गळती नाही. ती शेवटच्या हॉपपर्यंत टिकत असेल तरच तिचं काही देणं लागतो. इथे शेवटचा हॉप स्वच्छ होता.

तीनपैकी वेब अॅप्लिकेशनची तक्रार मला वेगळ्या जातीची वाटली. आवाज तुटणं, फाइल रांगणं ही कमीजास्त होणारी दुखणी. पान अर्धं उघडून थांबणं हे मात्र हमखास, दर वेळी, त्याच जागी. हमखास मरणाऱ्या पॅकेटांच्या बाबतीत पहिला संशय आकारावर घ्यावा. ‘फ्रॅगमेंट करू नका’ हा बिट लावून टनेलमधून पिंग पाठवले. 1394 बाइटचा डेटा गेला, 1395 चा नाही.

हा आकडा कागदावर जुळतो का, ते पाहिलं. शाखेची लाइन पीपीपीओईची, म्हणजे 1500 मधून 8 वजा, राहिले 1492. त्यातून बाहेरच्या आयपी हेडरचे 20, यूडीपीचे 8, ईएसपी हेडरचे 8, एईएस-सीबीसीच्या सुरुवातीच्या व्हेक्टरचे 16 आणि शेवटच्या पडताळणी-शिक्क्याचे 16 गेले. राहिले 1424. एन्क्रिप्ट केलेला भाग 16 च्या पटीत असावा लागतो. 1424 म्हणजे बरोबर 16 गुणिले 89. त्यातले 2 बाइट ईएसपीच्या शेपटीला. आतल्या पॅकेटला उरले 1422, आणि त्यातून पिंगच्या हेडरांचे 28 वजा केले की 1394. कागद आणि तार एकमेकांशी इतके तंतोतंत जुळले की बरं वाटतं, कारण मग मध्ये आणखी कुणी हेडर चिकटवत नाहीये याची खात्री होते.

मग फाइल सर्व्हर का चालतो आणि अॅप्लिकेशन का नाही? 1422 पेक्षा मोठं पॅकेट आलं की गेटवे ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपी या नेटवर्कच्या निरोपांच्या प्रोटोकॉलने कळवतो, की लहान करून पाठव. पाथ एमटीयू डिस्कव्हरीची (एमटीयू म्हणजे पॅकेटचा कमाल आकार) ही पद्धत 1990 च्या आरएफसी 1191 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजापासून चालत आलेली. फाइल सर्व्हरला तो निरोप मिळत होता. अॅप्लिकेशनचा सर्व्हर आतल्या आणखी एका फायरवॉलच्या मागे होता आणि त्या फायरवॉलवर ‘सुरक्षेसाठी’ सगळंच आयसीएमपी बंद. निरोप दारातच अडवला जायचा, सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहायचा. लॉगिनची पॅकेटं लहान, म्हणून लॉगिन व्हायचं. तो एक आयसीएमपी प्रकार त्या फायरवॉलवर उघडायला लावला आणि शिवाय दोन्ही गेटवेंवर टीसीपीचा एमएसएस, म्हणजे सेगमेंटचा कमाल आकार, 1360 ला बांधला. गणिताने 1382 चालला असता. पण उद्या कुणी एन्क्रिप्शनचा प्रकार बदलला तर थोडी जागा असावी. हिशेबवाले खूश झाले. बाकी दोन तक्रारी जशाच्या तशा.

एमटीयूचं निदान हे आमच्या क्षेत्रात हातखंडा औषध झालं आहे, आणि त्यामुळे त्याचा एक तोटा होतो. ते बऱ्याचदा लागू पडतं, म्हणून लागू न पडलेल्या वेळीही लोक तिथेच घोटाळत राहतात: एमएसएस 1360 चा 1300, मग 1200. आकारावर अवलंबून नसलेली गळती आकार कमी करून थांबत नाही. उरलेल्या गळतीत 200 बाइटची आवाजाची पॅकेटंसुद्धा होती.

इथून पुढे मी ‘का’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि ‘कुठे’ एवढाच धरला. पॅकेट हरवतंय ते आमच्या गेटवेतून निघण्याआधी, मधल्या वाटेत, की पलीकडच्या गेटवेच्या दारात पोचून आत शिरताना? तिन्ही ठिकाणांची कारणं, उपाय आणि माणसं वेगळी. आणि आयपीसेक या बाबतीत फार सोयीचा आहे, हे लोक सहसा लक्षातच घेत नाहीत. ईएसपीच्या प्रत्येक पॅकेटवर दोन गोष्टी एन्क्रिप्शनच्या बाहेर, उघड लिहिलेल्या असतात: एसपीआय, म्हणजे हे पॅकेट कुठल्या दिशेच्या कुठल्या एसएचं (सिक्युरिटी असोसिएशन, एका दिशेसाठी ठरलेली चावी आणि नियम) आहे ती खूण, आणि एकेकाने वाढत जाणारा अनुक्रमांक. आतला मजकूर वाचता येत नसला तरी प्रत्येक पॅकेट ओळखता येतं. टीसीपीसारखं ते पुन्हाही पाठवलं जात नाही, म्हणून एक क्रमांक म्हणजे एकच पॅकेट. दोन्ही टोकांना पकडून याद्या ताडून पाहायच्या.

तर दोन्ही गेटवेंच्या बाहेरच्या पोर्टचं स्विचवर मिररिंग लावलं, म्हणजे त्यावरच्या ट्रॅफिकची प्रत घेतली, आणि टीसीपीडम्प या पॅकेटं पकडणाऱ्या साधनाने यूडीपी 4500 पकडायला सुरुवात केली. पूर्ण पॅकेट साठवायची गरज नाही, पहिले 96 बाइट पुरतात. त्याने डिस्कवर आणि पकडणाऱ्या यंत्रावर ताण कमी येतो. शेवटी टीसीपीडम्प स्वतःच किती पॅकेटं पकडू शकला नाही तो आकडा छापतो. तो शून्य असल्याशिवाय पुढचा हिशेब करू नये, नाहीतर स्वतःच्या चाळणीची भोकं लाइनच्या नावावर जमा होतात. दोन टोकांची घड्याळं जुळलेली नसली तरी चालतं, कारण आपण वेळ नाही, क्रमांक ताडतोय. या पद्धतीतला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच.

दोन दिशांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या.

मुख्य कार्यालयाकडून शाखेकडे: निघालेला प्रत्येक क्रमांक शाखेच्या दारात पोचला होता. एकही गहाळ नाही. तरीही मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरला टीसीपीची पॅकेटं शाखेतल्या संगणकाकडे पुन्हा पाठवावी लागत होती, म्हणजे आतलं काहीतरी हरवत होतं. पॅकेट दारापर्यंत येतं आणि उंबऱ्यावर मरतं.

शाखेच्या गेटवेवर कर्नलची आयपीसेकची आकडेवारी उघडली. तिथे कुठल्या कारणाने किती पॅकेटं टाकली याचे वेगवेगळे काउंटर असतात. पडताळणीत नापास: शून्य. एसए सापडली नाही: शून्य. अनुक्रमांक खिडकीबाहेर: भलामोठा आकडा, आणि डोळ्यांदेखत वाढणारा. पण संथपणे नाही. काही काळ अगदी स्थिर, आणि मग एकदम शंभर-दोनशेची उडी.

ही ‘खिडकी’ म्हणजे रीप्ले विंडो. कुणी आपली जुनी एन्क्रिप्टेड पॅकेटं पकडून ठेवून पुन्हा आत सोडू नयेत, म्हणून घेणारा गेटवे आत्तापर्यंत आलेला सर्वांत मोठा क्रमांक लक्षात ठेवतो आणि त्याच्या फार मागे राहिलेलं पॅकेट नाकारतो. आरएफसी 4303 प्रमाणे 32 ची खिडकी चालवता येणं सक्तीचं, 64 ची पसंतीची. आमच्याकडे 64 होती. म्हणजे क्रमांक 1000 येऊन गेला असेल, तर 936 आणि त्यामागचे सगळे, पहिल्यांदाच येत असले तरी, बाद.

पण क्रम इतका बिघडतोय कुठे? इंटरनेटवर पॅकेटं थोडी मागेपुढे होतात, साठ-सत्तरने नाही. मुख्य कार्यालयाची पकड पुन्हा उघडली आणि उत्तर तिथेच होतं: पॅकेटं आमच्याच गेटवेतून बाहेर पडतानाच विस्कटलेली होती. 4210, 4211, मग एकदम 4395, मग 4212. तो मध्येच घुसलेला 4395 दर वेळी लहान पॅकेट. आवाजाचं.

गेटवेच्या बाहेरच्या पोर्टवर क्यूओएस लावलेलं होतं, फोनला प्राधान्य देणारं. हेतू उत्तमच. पण अनुक्रमांक पॅकेटावर पडतो एन्क्रिप्शनच्या वेळी, आणि रांग लागते त्याच्यानंतर. टोकन आधी वाटायची आणि मग रांगेतल्या काहींना पुढे बोलवायचं, तसं. फाइलची पॅकेटं रांगेत उभी असतात, मागून आलेलं आवाजाचं पॅकेट त्यांच्यापेक्षा मोठा क्रमांक घेऊन सरळ पुढे निघून जातं. ते शाखेत पोचताच खिडकी पुढे सरकते, आणि रांगेत 64 पेक्षा जास्त मागे असलेलं सगळं तिथल्या तिथे अवैध ठरतं. 20 एमबीपीएसवर मोठ्या आकाराची 64 पॅकेटं बाहेर पडायला सुमारे 38 मिलिसेकंद लागतात. रांग त्याहून लांबली आणि आवाजाचं एक, फक्त एक पॅकेट पुढे गेलं, की घाऊक कत्तल. काउंटरच्या त्या उड्या म्हणजे हेच.

आता तक्रारीचे शब्द पुन्हा वाचले तर त्यात सगळंच होतं. फाइल सुरुवातीला जोरात, कारण रांग अजून भरलेली नाही. रांग भरली की रांगणं. आयपर्फ या ठरावीक ट्रॅफिक सोडून मोजणाऱ्या साधनाने 5 एमबीपीएसचं यूडीपी सोडलं तर सगळं स्वच्छ, कारण रांगच लागत नाही. खात्रीसाठी साधा प्रयोग केला: फोन बंद असताना फाइल उतरवायला लावली, छान पळत होती. शाखेतल्या सहकाऱ्याला म्हटलं, “आता नुसता फोन लावून धरून ठेव, बोलू नकोस.” आलेख कोसळला. “ठेव फोन.” वर आला. त्याला वाटलं मी काहीतरी जादू दाखवतेय.

उपाय दोन टप्प्यांत केला. आधी शाखेत खिडकी 64 ची 1024 केली. ही सेटिंग घेणाऱ्याच्या बाजूची असते, पलीकडच्याशी बोलणी करावी लागत नाहीत; फक्त नवी एसए तयार झाल्यावर ती लागू होते. 1024 ची खिडकी म्हणजे एका एसएमागे 1024 बिट, 128 बाइट. मेमरीच्या नावाने रडण्यासारखं काही नाही. खिडकी पूर्ण बंद करा असा सल्लाही सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. रीप्ले तपासणी बंद केल्यावर लक्षण जातं, पण क्रम का विस्कटतो हा प्रश्न कायमचा झाकला जातो, आणि एक संरक्षण फुकट गमावलं जातं.

दुसरा टप्पा म्हणजे शेपिंगच हलवणं: बाहेरच्या पोर्टवरून काढून टनेलच्या इंटरफेसवर, म्हणजे एन्क्रिप्शनच्या आधी. आता रांग आधी लागते, क्रमांक मागून पडतो. यात एक खाच आहे. टनेलच्या इंटरफेसला आतल्या पॅकेटाचा आकार दिसतो, तारेवरचा नाही. 1422 चं पॅकेट तारेवर 1492 होतं, ती 5 टक्के वाढ चालून जाते. पण जी.711 या फोनच्या कोडेकचं 200 बाइटचं आवाजाचं पॅकेट तारेवर 276 होतं. सेकंदाला 50 पॅकेटं धरली तर 80 केबीपीएसचा कॉल 110 चा. शेपरला हे जादा ओझं सांगितलं नाही, तर फोन वाढले की खरी लाइन आधी भरते आणि रांग पुन्हा भलतीकडे लागते. शेपरमध्ये प्रति पॅकेट ओव्हरहेडचा पर्याय होता, तो भरला.

यावर तिसरा मार्गही आहे: आवाजाला आणि डेटाला वेगवेगळ्या एसए द्यायच्या, म्हणजे प्रत्येकाचा क्रमांक आणि खिडकी स्वतंत्र. 2005 सालच्या आरएफसी 4301 मध्ये हा सल्ला आणि हा सगळा घोटाळाच स्पष्ट शब्दांत लिहून ठेवलेला आहे: वेगळ्या प्राधान्याचं ट्रॅफिक एकाच एसएमधून पाठवलंत तर कमी प्राधान्याची पॅकेटं रीप्ले खिडकीमुळे उगाच टाकली जातील. इतकी वर्षं ते तिथे आहे. आमच्या गेटवेवर ते उभं करणं किचकट होतं, म्हणून सोडून दिलं.

राहिली दुसरी दिशा, शाखेकडून मुख्य कार्यालयाकडे. इथे चित्र उलट: शाखेतून क्रमांक सलग निघत होते, मुख्य कार्यालयात पोचताना मधले गायब. 2 टक्क्यांच्या आसपास. लाइन भरलेली असो वा रिकामी, पॅकेट मोठं असो वा छोटं, फरक नाही. म्हणजे गर्दी नाही, आकार नाही, आमचे गेटवे नाहीत. वाट.

इंटरनेट कंपनीकडे तिकीट टाकलं. उत्तर अपेक्षित तेच: “मॅडम, आमच्या बाजूने लाइन क्लिअर आहे, आम्ही पिंग करून बघितलं.” आणि ते खोटं बोलत नव्हते. माझाही टनेलबाहेरचा पिंग स्वच्छच होता. त्याच दोन आयपींमध्ये पिंग 100 टक्के पोचतो आणि टनेलची पॅकेटं 2 टक्के हरवतात, हे कसं?

मोठ्या नेटवर्कमध्ये दोन राउटरांच्या मध्ये बऱ्याचदा एक लिंक नसते. समांतर लिंकांचा गठ्ठा असतो. कुठलं पॅकेट कुठल्या लिंकने जाणार, हे पत्ते, प्रोटोकॉल आणि पोर्ट यांचा हॅश, म्हणजे त्यांच्यावरून गणिताने येणारा एक आकडा, काढून ठरतं. एका संभाषणाची सगळी पॅकेटं एकाच लिंकने जावीत, क्रम बिघडू नये, म्हणून. आता आमच्या टनेलकडे त्या नजरेने पाहा. आत शंभर माणसांची हजार कनेक्शन असतील, बाहेरून मात्र ते एकच यूडीपी संभाषण. एक हॅश, एक लिंक. ती लिंक आजारी असेल तर अख्खी शाखा आजारी, आणि पिंगला पोर्टच नसल्याने त्याचा हॅश वेगळा, तो शेजारच्या निरोगी लिंकवरून मजेत जाणार.

आणि मोडेम बंद-चालू? पीपीपीओई पुन्हा जोडलं की बहुतेक वेळा नवा पब्लिक आयपी मिळायचा. नवा पत्ता, नवा हॅश, नशिबाने दुसरी लिंक. शाखेतल्या लोकांच्या उपायाला कारण होतं. फक्त तो फासे टाकण्यासारखा होता.

हे नुसतं सांगून पटलं नसतं. मुख्य कार्यालयात टनेलच्या बाहेर आयपर्फ3 चा सर्व्हर उघडला, शाखेतून 1 एमबीपीएसचं यूडीपी सोडलं आणि दर वेळी क्लायंटचं पोर्ट बदलत गेले. मोडेम पोर्ट जसंच्या तसं पुढे देतो का, ते मुख्य कार्यालयातल्या पकडीत तपासलं, देत होता. निकाल असा, की बहुतेक पोर्टांवर गळती शून्य आणि साधारण दर चौथ्या पोर्टावर 2 टक्के. तीच पोर्ट पुन्हा तपासली की पुन्हा तसंच. चांगलं पोर्ट चांगलं, वाईट ते वाईट. गर्दीमुळे होणारी गळती इतकी पोर्ट बघून वागत नाही.

कंपनीकडून दुरुस्ती व्हायला वेळ लागणार हे दिसत होतं, म्हणून मधल्या काळासाठी शाखेच्या गेटवेवर टनेलचं स्वतःचं स्थानिक पोर्ट बदलून चांगल्या पोर्टांपैकी एक दिलं. आवाज त्याच क्षणी साफ झाला. तिकिटात मी पोर्ट आणि गळतीचा तक्ता जोडला, दोन्ही टोकांच्या पकडी जोडल्या आणि एकच मागणी लिहिली: या दोन पत्त्यांच्या वाटेवर जिथे जिथे लिंकांचा गठ्ठा आहे, तिथे एकूण आकडे न पाहता प्रत्येक लिंकचे एरर काउंटर वेगवेगळे पाहा. हे वाक्य महत्त्वाचं ठरलं असावं. गठ्ठ्याची बेरीज पाहिली की एका लिंकचा दोष बाकीच्यांच्या स्वच्छपणात विरघळून जातो. तिकीट पहिल्या फळीतून पुढच्या इंजिनिअरकडे गेलं, त्याने एक-दोन नेमके प्रश्न विचारले, आणि मग कळवलं की चार लिंकांच्या गठ्ठ्यातल्या एकीवर सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाच्या नोंदी, वाढत होते. ऑप्टिकल मॉड्यूल बदललं आहे. वाईट पोर्ट पुन्हा तपासली. सगळी शून्यावर.

दोन्ही दिशा स्वच्छ झाल्यावर मॉनिटरिंगच्या आलेखावर एक बारीक गोष्ट दिसू लागली, जी आधी गोंधळात बुडालेली होती: तासातून एकदा, घड्याळ लावल्यासारखी, पाच-सात पॅकेटांची गळती. एसएचं आयुष्य 3600 सेकंद ठेवलेलं होतं, तेव्हा फार शोधावं लागलं नाही. नवी एसए तयार होताच एक गेटवे जुनी लगेच पुसून टाकत होता आणि वाटेत असलेली जुन्या चावीची पॅकेटं अनाथ होत होती. जुनी एसए आणखी काही सेकंद येणाऱ्या पॅकेटांसाठी जिवंत ठेवण्याची सेटिंग होती, ती 5 सेकंदांवर लावली. आयुष्य 3600 चं तसंच ठेवलं आहे.